दुसऱ्या मालकिणीला पत्र येत नाही

जुनी साडी कुणी दिली तर आपण ती आधी उजेडात धरून बघतो. कुठे विरली आहे, कुठे रफू केलंय, काठ धड आहेत ना. जुनं भांडं घेताना बोटाने वाजवून बघतो. आणि साडेतीन लाखांची जुनी गाडी घेताना? रंग बघतो, सीटकव्हर बघतो, पेढे वाटतो आणि पुढे लिंबू-मिरची बांधतो. मीही तेच केलं. म्हणून आज हे लिहायला बसले.

२०२२ची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मी दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या, बारशा-डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घेते. आधी सगळं रिक्षाने जायचं. एकदा खड्ड्यात रिक्षा आदळली आणि दोनशे करंज्यांचा चुरा झाला, तेव्हा ठरवलं, आता आपली गाडी घ्यायची. भिशीचे पैसे, थोडं सोनं तारण आणि यांनी घातलेली भर असं करून पुण्याहून तीन वर्षं वापरलेली एक गाडी घेतली. सात सीटची, पेट्रोलवरची, सरकत्या दाराची. आमच्याकडे अशा सगळ्याच गाड्यांना ‘व्हॅन’ म्हणतात. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच.

गाडी माझ्या नावावर, पैसे बरेचसे माझे, चालवणार मी. पण एजंट दोन तास बोलला तो यांच्याशी. मी काही विचारलं तरी उत्तर यांना! ‘वहिनींना सांगा, चाकं चार आहेत, मोजून घ्या’, असं म्हणून तो हसला. हेही हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. आपल्याला गाडीतलं काय कळतंय, हे मला आधीच पाठ होतं ना!

वर्षभर गाडीने काही कुरकुर केली नाही. मग एक खोड सुरू झाली. चालता चालता गाडी बंद पडायची. धक्का नाही, आवाज नाही. सिलिंडर संपला की शेगडीची ज्योत कशी गपकन जाते, तशी. पाच मिनिटं थांबून किल्ली फिरवली की पुन्हा सुरू. यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘क्लच नीट सोडत नसशील.’ शेजारचे भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, रिझर्व्हवर चालवत जाऊ नका.’ स्टँडजवळच्या मिस्त्रींनी सांगितलं, ‘पेट्रोलमध्ये पाणी असंल ताई, टाकी धुऊन टाकू.’ बाराशे रुपये गेले. टाकी धुतली, खोड राहिली.

कधी बंद पडते, चढावर की सपाटीला, गाडी तापल्यावर की थंड असताना, हे मला एकानेही विचारलं नाही. सगळ्यांकडे उत्तर आधीच तयार होतं. हे रविवारी चालवायचे तेव्हा गाडी शहाण्यासारखी वागायची, त्यामुळे तर पुरावाच मिळाला! मग मलाही वाटायला लागलं, आपलंच काही चुकत असेल. मी क्लचकडे बघत गाडी चालवायला लागले.

जानेवारी २०२४. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग संपवून रात्री परत येत होते. मागच्या सीटवर चार मुली, कोळीनृत्याच्या साड्या नेसलेल्या, नाकात चापाच्या नथी, गजरे विस्कटलेले. उसाचा हंगाम होता. ओढ्यावरच्या पुलानंतर छोटा चढ आहे, तिथे गाडी गपकन बंद पडली. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकही दोनदा दाबल्यावर टणक होतो, हे मला त्या रात्री कळलं. मागून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर येत होता. मुली आधी हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. त्या ड्रायव्हरने ट्रॅक्टर कसा आवरला त्याचं त्यालाच माहीत. आमच्यापासून चार हातांवर थांबला.

तो खाली उतरला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्याने चाकाखाली दगड लावला, मुलींना उतरवून कडेला उभं केलं आणि म्हणाला, ‘ताई, गाडी दाखवा कुठंतरी. नशीब रोज नसतंय.’

दुसऱ्याच दिवशी कुणाला न विचारता मी गाडी सांगलीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी होती. तिने आरसी बुक बघून चेसिस नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि म्हणाली, ‘मॅडम, या गाडीवर रिकॉल आहे. फ्युएल पंप बदलायचाय. २०२१ पासून पेंडिंग दिसतंय.’

मी विचारलं, ‘रिकॉल म्हणजे?’

‘म्हणजे त्या काळात बनलेल्या काही गाड्यांच्या पंपात दोष असू शकतो, असं कंपनीलाच आढळलंय. गाडी चालता चालता बंद पडू शकते. पंप फुकट बदलून मिळतो. तुम्हाला मेसेज आले नाहीत का?’

चालता चालता बंद पडू शकते! माझंच वाक्य. चार महिने मी ते घरात, गल्लीत, गॅरेजात सांगत होते आणि सगळे मला क्लच शिकवत होते. तेच वाक्य कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मी गाडी घेण्याच्याही आधीपासून लिहून ठेवलेलं होतं.

मेसेज गेले होते. पण ते पुण्यातल्या पहिल्या मालकाच्या फोनवर. रेकॉर्डला नंबर त्यांचाच होता. मी त्यांना फोन केला. माणूस भला होता. म्हणाले, ‘अहो, मेसेज यायचे. मला वाटलं, त्यांच्या सर्व्हिस कॅम्पची जाहिरात असेल. नंतर गाडी विकली, मग पुसून टाकायला लागलो.’ पत्रही गेलं असेल तर जुन्या पत्त्यावर, कारण त्यांनी मधे फ्लॅट बदलला होता. चूक कुणाची म्हणायची? प्रत्येकाने आपापल्या परीने काम केलं होतं. फक्त ज्या बाईच्या हातात स्टिअरिंग होतं तिच्यापर्यंत काहीच पोहोचलं नव्हतं.

दीड तासात पंप बदलला. बिलावर शून्य रुपये. गाडी त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही. क्लच मी अजून तसाच सोडते.

मैत्रिणींनो, ‘रिकॉल’ हा शब्द पेपरात आपण वाचतो आणि पान उलटतो. कंपनी म्हणजे मोठे लोक, गाड्या म्हणजे पुरुषांचा विषय. पण याचा अर्थ अगदी साधा आहे. आपल्या कारखान्यातून निघालेल्या मालात सुरक्षेचा दोष आहे असं कळलं, की कंपनीने त्या गाड्या परत बोलवायच्या आणि दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. गाडी पहिल्या मालकाकडे आहे की तिसऱ्या, याचा त्याच्याशी संबंध नाही. वॉरंटी संपली का, हाही प्रश्न नाही. दोष गाडीबरोबर चालतो, म्हणून दुरुस्तीचा हक्कही गाडीबरोबर चालतो.

अमेरिकेत यासाठी १९६६ पासून कायदा आहे. आपल्याकडे गाडी उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळायचे नियम केले. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले. आता सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं आणि दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडही करू शकतं.

हे काही क्वचित घडणारं नाही. आपल्या गावागावांत दिसणारी ईकोच घ्या. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या गाड्यांच्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोष असण्याची शक्यता होती. म्हणजे ज्या दांड्यामुळे चाकं वळतात तो दांडा. त्याच वर्षी जानेवारीत याच कंपनीने ईकोसह काही मॉडेलच्या १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी बोलावल्या आणि तो बदलून होईपर्यंत गाडी चालवू नका, असंही सांगितलं. ‘चालवू नका’ हे शब्द ज्या घरी पोहोचले नसतील, त्या घरची गाडी त्या दिवशीही बाजाराला गेली असेल, शाळेत गेली असेल.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. रिकॉल झाला म्हणजे ती कंपनी वाईट किंवा ती गाडी भंगार, असं नाही. चूक सापडल्यावर जाहीर सांगणारी कंपनी ही गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा कधीही बरी. मीठ जास्त पडलं हे वाढण्याआधी सांगणारी सुगरण आपल्याला चालते ना! माझं भांडण रिकॉलशी नाही. तो अर्ध्या वाटेत थांबतो, त्याच्याशी आहे.

कारण गाडी एका दारातून दुसऱ्या दारात जाते, पण तिचा पत्ता जात नाही. मी नंतर विचार केला, आपण लग्न होऊन नव्या घरी आलो की माहेराला पत्ता कळवतो. गाडीचं माहेर म्हणजे तिची कंपनी. माझी गाडी पुण्याहून सांगली जिल्ह्यात आली, तिचं नाव-गाव बदललं, आणि तिच्या माहेरी कुणाला पत्ताच नाही! आरटीओत नाव लागलं की सगळीकडे आपोआप कळतं, हा माझा समज. तो चुकीचा निघाला. त्यात आमच्या एजंटने ट्रान्सफरचे कागद पाच महिने बॅगेतच ठेवले होते. म्हणजे पाच महिने गाडी मी चालवत होते आणि कायद्याने ती दुसऱ्याचीच होती. त्या दिवसांत अपघात झाला असता तर? विचार करूनच पोटात गोळा येतो.

या प्रकारानंतर आमच्या भिशीत मी हा विषय काढला. चौदा जणींपैकी पाच जणींच्या घरी व्हॅन, पाचही सेकंडहँड. तासभर तक्रारींचा पाऊस पडला. सरकतं दार अर्ध्यात अडकतं आणि मग एकदम सुटतं, एकीच्या नातवाचं बोट त्यात चेमटलं होतं. पुढच्या सीटखाली इंजिन, त्यामुळे उन्हाळ्यात तव्यावर बसल्यासारखं होतं. मागे बसलं की पेट्रोलचा वास येतो. माणसं भरली की ब्रेक उशिरा लागतो. सीटबेल्ट आहेत, पण जुन्या मालकाने घातलेल्या सीटकव्हरखाली गाडले गेलेत. एकीच्या गाडीत तर मागची सीट काढून वेल्डिंगने समोरासमोर बाकं ठोकलेली!

हे सगळं ऐकताना मला वाटलं, आपण तांदूळ निवडतो तसं हे निवडायला हवं. तक्रारींचे तीन ढीग होतात. पहिला ढीग झिजेचा. ब्रेकचे लायनर, टायर, दाराची झिजलेली चाकं. वापरलं की झिजणारच, तो खर्च आपला. दुसरा ढीग आधीच्या मालकाच्या उपद्व्यापाचा. वेल्डिंगची बाकं, गावठी वायरिंग, बिननोंदणीचं गॅसकिट. हे घेण्याआधीच बघायचं आणि एक तर किंमत कमी करून नीट करून घ्यायचं, नाही तर त्या गाडीला हात जोडायचे. तिसरा ढीग जन्मजात दोषाचा. तो कंपनीचा. अडचण अशी, की आपल्याला सांगणारे सगळे जण तिन्ही ढीग एकत्र करून एकच वाक्य म्हणतात, ‘जुनी गाडी आहे, चालायचंच!’ या ‘चालायचंच’खाली जन्मजात दोषही झाकला जातो.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. नव्या नियमांत सरकार रिकॉलचा आदेश देतं ते मोजदाद करून. गाडीच्या वर्षभराच्या विक्रीच्या प्रमाणात, ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या तर. म्हणजे तक्रार मोजली जाते! पण कुठली? नोंदवलेली. माझ्या गाडीचा दोष कंपनीनेच शोधला होता, हे माझं नशीब. तो शोधला नसता, तर माझी चार महिन्यांची तक्रार कुठे होती? यांच्या कानावर, भाऊजींच्या हसण्यात आणि मिस्त्रींच्या बाराशे रुपयांत. सरकारी वहीत शून्य. आपल्यासारख्या किती जणींनी ‘माझंच चुकत असेल’ म्हणून गिळलेली वाक्यं अशी शून्यात गेली असतील?

बाईची तक्रार ही तक्रार न मानता तिची चूक मानायची, ही सवय फक्त गाडीपुरती आहे का? पाठ दुखते म्हटलं की ‘कामाची सवय नाही’, मिक्सरचा शॉक बसतो म्हटलं की ‘ओल्या हाताने लावला असशील’. आपणही ऐकून ऐकून तसंच मानायला लागतो. पण गाडीच्या बाबतीत याची किंमत मागच्या सीटवर बसलेल्या मुली मोजतात. त्या रात्री माझ्या गाडीत चार होत्या, त्यांतली एकच माझी होती. बाकी तिघींच्या आयांनी मला ‘तुम्ही आहात ना, मग काळजी नाही’ म्हणून पाठवल्या होत्या.

म्हणून जे मी ठेच लागल्यावर शिकले, ते तुम्ही आधीच करा. त्याला गाडीतलं काही कळावं लागत नाही.

आरसीवर एक सतरा अक्षरं-आकड्यांचा चेसिस नंबर असतो. तोच इन्शुरन्सच्या कागदावर असतो आणि तोच गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. तीनही ठिकाणचा नंबर एकच आहे ना, ते स्वतः बघा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, आठवतं? तसाच ठसा कोरलेल्या नंबरचा घेता येतो. गाडी घेण्याआधी हा नंबर त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगा आणि विचारा, ‘या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का?’ एवढं एकच वाक्य. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवरही हा नंबर टाकून बघता येतं, आपल्याला जमत नसेल तर मुलांना सांगा, त्यांची बोटं मोबाइलवर चालतातच. बाकी असेल तर विकणाऱ्याकडूनच करून घ्या. गाडी आधीच घेतली असेल तरी उशीर झालेला नाही, आजही विचारता येतं.

विचारायला गेलात की तिथेच आपलं नाव, पत्ता आणि आपला मोबाइल नंबर रेकॉर्डला लावून या. ‘यांचा’ नाही, जी गाडी चालवते तिचा. माहेरी पत्ता कळवायचं काम ते हेच.

फॉर्म २९ आणि ३० म्हणजे नाव बदलण्याचे कागद. ते एजंटच्या बॅगेत राहू देऊ नका. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओची परवानगी घ्यावी लागते. ती आहे का, हे विचारायला लाजू नका. साडी घेताना रंग जाईल का, हे दहादा विचारतोच ना!

सीएनजीची गाडी असेल तर टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी. किटवरच्या पट्टीवरची तारीख वाचा. किट आरसीवर नोंदलेलं आहे ना, तेही बघा. आणि घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर व्हॅनमध्ये वापरण्याचा प्रकार कुणी ‘स्वस्तात पडतो’ म्हणून सुचवला, तर त्या माणसाच्या गाडीत मुलांना पाऊलही ठेवू देऊ नका.

एक खबरदारी वयाची. सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो तो सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. त्याहून जुनी गाडी घेत असाल तर या कायद्याचा आधार पुरेसा नाही, हे धरूनच चाला. जुन्या गाड्यांत सुरक्षेच्या सोयीही कमी. ड्रायव्हरपुढची एअरबॅग आपल्याकडे नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ओम्नी आपल्या सगळ्यांची लाडकी. किती नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या असतील! पण तिला पुढे बॉनेट नाही, इंजिन सीटखाली. समोरून धडक बसली तर माणूस आणि धडक यांच्या मधे फारसं काही नाही. अपघात-चाचणीचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. एअरबॅग नसलेली ईको २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे घेऊन बाहेर पडली होती. म्हणजे दोष नसलेली जुनी गाडीही आजच्या नव्या गाडीइतकी सुरक्षित नसते. परवडते म्हणून घ्यावी लागते, हे मला माहीत आहे, मीही तशीच घेतली. मग निदान वेग कमी, माणसं कमी, आणि सीटकव्हरखालचे बेल्ट बाहेर काढलेले, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांनी हे पान उलटू नये. तुमचं मूल शाळेच्या व्हॅनमधून जातं. राज्याच्या २०११च्या स्कूल बसच्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. पुढच्या पालकसभेत गणिताच्या मार्कांबरोबर एक प्रश्न विचारा. ‘आमच्या मुलांना नेणाऱ्या गाड्यांचा रिकॉल शेवटचा कधी तपासला?’ व्हॅनवाले काका वाईट नसतात. त्यांचीही गाडी बहुतेक सेकंडहँड असते, त्यांनाही मेसेज आलेला नसतो. मी आमच्या शाळेत हा प्रश्न विचारला तेव्हा मुख्याध्यापकबाई क्षणभर गप्प बसल्या, मग त्यांनी वही काढली आणि अकरा गाड्यांचे चेसिस नंबर मागवून घेतले. अकरापैकी एका गाडीवर रिकॉल निघाला. त्या व्हॅनवाल्या काकांनी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली, काम करून आणलं आणि मला म्हणाले, ‘बरं झालं ताई, फुकटात झालं.’ फुकटात झालं हे त्यांना महत्त्वाचं, झालं हे मला.

सर्व्हिस सेंटरने दाद दिली नाही तर? तोंडी भांडू नका, लिहून द्या. तारीख, किलोमीटर, गाडी चढावर होती की सपाटीला, काय झालं, कितीदा झालं. दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितोच, त्याच्या शेजारी हेही लिहा. सुरक्षेच्या दोषाची तक्रार परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच दाद मागता येते, पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

आमच्या घरी आता एक बदल झालाय. गाडीचा काही आवाज आला, की हे आधी विचारतात, ‘कधी येतो? चढावर की उतारावर?’ आणि मी सांगते ते वहीत लिहितात. पहिल्यांदा त्यांनी वही काढली तेव्हा मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. क्लचचं नाव त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी काढलेलं नाही.

आज जेवणं आवरली की कपाटातलं आरसी बुक काढा. चेसिस नंबर एका चिठ्ठीवर लिहा आणि ती फ्रिजवर लावा. उद्या सकाळी एक फोन करा. दुसऱ्या मालकिणीला पत्र येत नाही, तिला स्वतःच विचारायला जावं लागतं.